मैदानात एकटा मध्यम वाजला: एका सब-बेसची उलटतपासणी

रात्री साडेअकराला फोन आला. "दादा, साऊंडवाला म्हणतोय तुझ्या ट्रॅकमध्ये बेसच नाही. आणि मी तर आठवडाभर बेस कमीच करत बसलो होतो!"

फोन करणारा साताऱ्याकडचा माझा एक धाकटा मित्र. गोंधळाच्या गाण्यांना तो इलेक्ट्रॉनिक साज चढवतो. संबळ, तुणतुणं, गाणाऱ्या आण्णांचा खणखणीत आवाज आणि त्या सगळ्याखाली सॉफ्टवेअर सिंथमधून काढलेला सब-बेस, म्हणजे कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा सर्वांत खालचा बेस. त्या संध्याकाळी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे गाणं पहिल्यांदाच मैदानावरच्या मोठ्या सिस्टिमवर लागलं. घरी पाच इंची मॉनिटर स्पीकरवर खोली घुमत होती. मैदानात मात्र काही सुरांना बिन (बेसचे मोठे स्पीकर-खोके) हलत होते, काही सुरांना नुसती हवा. त्यातही एक ठोका खच्चून यायचा आणि पुढच्या आवर्तनात तोच ठोका गायब. शिवाय प्रत्येक सुराच्या तोंडाशी बारीक 'टक्'. साऊंडवाल्याने गेन वाढवला, ॲम्पचे लाल दिवे लागले, बेस आला नाही तो नाहीच.

रविवारी तो लॅपटॉप घेऊन पुण्यात माझ्याकडे आला. पुढचे दोन रविवार त्यातच गेले. त्यात काय सापडलं ते क्रमाने लिहितो. चुका पाच-सहा होत्या, आणि त्यातल्या बहुतेक मिक्सिंगच्या नव्हत्या. मिक्सिंगला बसण्याआधीच त्या होऊन गेलेल्या होत्या.

प्रोजेक्ट एफएल स्टुडिओ या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये होता, बेस व्हायटलमध्ये. व्हायटल हा मॅट टायटलने २०२० साली काढलेला वेव्हटेबल सिंथ. त्याची फुकट आवृत्तीही भरपूर काम देते. पॅच (आवाजाची तयार मांडणी) मात्र कुठल्याशा प्रीसेट-पॅकमधला होता आणि त्याच्या नावात '८०८' होतं. हल्ली सबच्या कुठल्याही पॅचला ८०८ म्हणतात. मूळ टीआर-८०८ हे रोलँडचं १९८० चं ड्रम मशीन, आणि हे नाव त्याच्या लांब शेपटीच्या किकवरून, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्यावरून आलेलं. म्हणजे आवाज मुळात ड्रमचा. त्याला तोंडाशी ठोका असतो, आणि आजच्या पॅकमध्ये तर वरून सॅच्युरेशनही (लाट चेपून आणलेला खरखरीतपणा) थापलेलं असतं. स्वच्छ सब हवा असेल तर सुरुवात इथून करू नये असं माझं मत आहे. पण ते बाजूला ठेवू, कारण खरा घोळ दुसराच निघाला.

ऐकण्याआधी मी एक साधं काम सांगितलं. एकच सूर, षड्ज, आठ आवर्तनांत आठ वेळा, सारख्याच जोराने. बाकी सगळं म्यूट. रेंडर कर, म्हणजे ऑडिओ फाइल बनव, आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघ. आठ सूर एकसारखे दिसायला हवेत, कारण सिंथला दमही लागत नाही आणि त्याचा मूडही बदलत नाही. पडद्यावर आठ वेगवेगळे प्राणी उभे राहिले. एक सुरुवातीलाच जाडजूड आणि पुढे बारीक होत गेलेला. एक मधोमध कंबर आवळलेला. तिसरा जवळजवळ सपाट रेघेतून सुरू होऊन हळूहळू फुगणारा.

"हे असं कसं? मी काहीच ऑटोमेट केलं नाहीये!"

मग तोच तुकडा पुन्हा रेंडर केला. दुसऱ्या रेंडरची पोलॅरिटी उलटी करून (लाट वरची खाली, खालची वर) दोन्ही एकत्र वाजवले. दोन्ही सारखे असते तर पूर्ण शांतता व्हायला हवी होती. झाली नाही. दोन-तीन ठिकाणी तर मूळ आवाजापेक्षा मोठा आवाज आला. म्हणजे प्रत्येक वेळी प्ले दाबलं की वेगळाच बेस वाजत होता, आणि स्नेहसंमेलनाला गेलेली फाइल ही त्यातली एक नशिबाची सोडत.

कारणं दोन, एकमेकांच्या गळ्यात गळा घातलेली. पॅचमध्ये दोन ऑसिलेटर (लाट तयार करणारे भाग) होते आणि त्यांच्यात वीस सेंटचा (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक ठेवला होता, आवाज 'जाड' व्हावा म्हणून. शिवाय दोघांचं फेज रँडम पूर्ण उघडं होतं, म्हणजे कळ दाबली की लाट कुठल्याही बिंदूपासून सुरू व्हायची. व्हायटलमध्ये नवा कोरा पॅच उघडला तरी हे रँडम चालूच असतं. पॅड किंवा लीडला ते योग्यच आहे, त्यानेच आवाज जिवंत वाटतो.

सबला तेच विष का ठरतं हे आकड्यांत बघा. ४४० हर्ट्झला वीस सेंट म्हणजे साधारण पाच हर्ट्झचा फरक. सेकंदाला पाच लहरी येतात आणि डबल रीडच्या पेटीसारखी छान थरथर मिळते. या गाण्याच्या षड्जाला, ३८.९ हर्ट्झला, तोच वीस सेंटचा फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी भरतो. म्हणजे सव्वादोन सेकंदांत एकदा फुगणं आणि एकदा जवळपास शून्य होणं. गाण्याची लय मिनिटाला १२०, त्यामुळे चार मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांचं. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक आवर्तनात एक खड्डा, आणि फेज रँडम असल्यामुळे तो खड्डा दर वेळी नव्या जागी. साऊंडवाला गेन वाढवत होता तो नेमका खड्ड्यात.

पॅच पुसून टाकला आणि कोरा घेतला. एक ऑसिलेटर, त्यात साइन, म्हणजे एकाच शुद्ध सुराची लाट. युनिसन (एकाच सुराच्या प्रती) एकच. फेज रँडम शून्य, आणि फेजचा खटका असा फिरवला की रेंडरमध्ये लाट शून्याच्या रेघेवरून उठेल. हे डोळ्यांनी बघून करायचं, खटक्यावरच्या अंशांवर विसंबायचं नाही, कारण वेव्हटेबलमध्ये लाट कुठून काढलेली आहे त्यावर ते ठरतं. पुन्हा दोनदा रेंडर, एक उलटा, दोन्ही एकत्र. शांतता. माझ्या मित्राने व्हॉल्यूमचा फेडर खरंच वर आहे ना ते तपासलं.

कोरस आणि रिव्हर्ब हे आवाज पसरवणारे इफेक्ट होते, तेही गेले. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. सब मोनो असावा, एवढंच.

आता 'टक्'. जुन्या पॅचमध्ये अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) शून्य आणि रिलीज (सूर विरायला लागणारा वेळ) पाच मिलिसेकंद होता. ३८.९ हर्ट्झच्या लाटेच्या एका फेऱ्याला पावणेसव्वीस मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाच मिलिसेकंदात लाट पाव फेरासुद्धा पुरा करत नाही, मधेच तोडली जाते. ती तुटलेली कड आपल्याला टक् म्हणून ऐकू येते. अटॅक सहा मिलिसेकंद, रिलीज सत्तर, आणि टक् गेली. पण लगेच खालून घरघर सुरू झाली. पॅचची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे सूर) आठ होती, त्यामुळे आता लांबलेली षड्जाची शेपूट पुढच्या मध्यमाशी भांडत होती. ३८.९ आणि ५१.९ यांच्यात तेरा हर्ट्झचा फरक. वरच्या सप्तकात तो निवांत दोन सुरांचा मेळ असतो, इतक्या खाली मात्र तो ट्रॅक्टर होतो. व्हॉइस एक केला, लेगॅटो (सूर जोडून वाजवणं) चालू केलं. मग पियानो रोलमध्ये हाताने काम केलं. जिथे नवा ठोका हवा तिथे आधीचा सूर शेपटीपुरता आखूड करून जागा सोडली. जिथे घसरत जायचं तिथे दोन सूर एकमेकांवर चढवले आणि ग्लाइड (घसरायला लागणारा वेळ) ११० मिलिसेकंद ठेवला. डग्ग्यावर मनगट दाबत नेल्यावर सूर जसा वाकतो ना, तसा पंचमावरून षड्जाकडे येणारा वाक मिळाला. गाण्यातली माझी आवडती जागा हीच.

इथवर सब स्वच्छ झाला होता. पण षड्ज ऐकू यायला अजून तयार नव्हता.

आता आण्णांची पट्टी. आण्णा काळी दोनमध्ये गातात. त्यांचा मध्य षड्ज साधारण १५५.६ हर्ट्झ. तिथून दोन सप्तकं खाली उतरलं की आपला ३८.९. बेसच्या ओळीत सा, म, प आणि एकदा खालचा कोमल नी, जो ३४.६ वर जातो. मित्राला मी विचारलं, कोणता सूर किती हर्ट्झवर आहे हे माहीत होतं का? तो म्हणाला, मी तर डी शार्प टू वाजवलाय. डी शार्प म्हणजे काळी दोनचं पाश्चात्त्य नाव. इथे आणखी एक गंमत आहे. एफएल स्टुडिओ मधल्या सी-ला सी-पाच म्हणतो, एबलटन हे दुसरं सॉफ्टवेअर त्याच कीला सी-तीन म्हणतं, आणि पुस्तकात ती सी-चार असते. त्यामुळे 'डी शार्प टू' म्हणजे कुणाच्या मते ३९ हर्ट्झ, कुणाच्या मते ७८, कुणाच्या मते १५६. सबचं काम करताना मी सुरांची नावं वहीत लिहितच नाही, सरळ हर्ट्झ लिहितो.

साऊंडवाल्याला फोन लावला. तो भला माणूस. म्हणाला, "भाऊ, प्रोसेसरला पंचेचाळीसला हाय-पास आहे. काढणार नाही. मागच्या सीझनला दोन कॉइल जळल्यात." हाय-पास म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं अडवणारी गाळणी. त्याचं बरोबर होतं. पोर्ट (हवेसाठी तोंड) असलेला बिन ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो, तिच्याखाली स्पीकरचा पडदा नुसताच फडफडतो. आवाज कमी, हालचाल जास्त. चोवीस डेसिबलच्या उताराचा ४५ चा हाय-पास आपल्या षड्जाला आधीच सहा डेसिबल खाली आणतो, बिनचा स्वतःचा उतार वेगळा. त्यात आपला कानही इतक्या खाली मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय की खालचे सूर मधल्या सुरांइतके मोठे वाटायला कितीतरी जास्त जोर लागतो. सगळं मिळून षड्ज संपला.

म्हणजे पट्टी चढवायची? आण्णांना विचारायचं धाडस मी मित्रावर सोडलं. त्याने स्पीकर फोन लावला.

"आण्णा, पांढरी चार चालेल का? दोनच स्वर वर."

"चालेल की. अंतरा तू म्हण मग."

विषय संपला. मग आम्ही आण्णांना हात न लावता बेसची ओळ बदलली. कोमल नी एक सप्तक वर गेला, ६९ वर. षड्ज अतिमंद्रात फक्त समेवर, तोही घसरत येऊन थोडा वेळ टेकणारा. बाकी ठिकाणी षड्जाचं काम ७७.८ ने करायचं, आणि लांब धरायचे सूर म्हणजे ५१.९ चा मध्यम आणि ५८.३ चा पंचम. सिस्टिमला जे सूर पेलतात त्यांच्यावर ओझं, जे पेलत नाहीत त्यांना नुसता स्पर्श. अख्ख्या प्रकरणात सर्वांत जास्त फरक या बदलाने पडला, आणि त्याला एकही प्लगइन लागला नाही.

पण पंचमाचं काय? तो ५८ वर आहे, तो तरी मैदानात वाजायला हवा होता. मित्राचा इक्वलायझर उघडला तर बरोबर ५८ वर आठ डेसिबलचा खोल, अरुंद खड्डा.

"घरी खूप घुमत होता ना तो."

त्याची खोली दहा बाय बारा, छत दहा फूट. खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट उभी राहते, तिची पहिली फ्रिक्वेन्सी म्हणजे आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. दहा फुटांना ती साधारण ५६ हर्ट्झ येते, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात आवाज थोडा वेगाने जातो म्हणून ५७ च्या आसपास. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा, म्हणजे एकाच जागी दोन लाटा उभ्या. त्याचा पंचम तिथून हाकेच्या अंतरावर. वर याची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, जिथे ही लाट सर्वांत जोरात असते. म्हणून घरी पंचम घुमत होता. पाच इंची मॉनिटरला ३८ झेपत नाही, म्हणून षड्ज घरीही नव्हताच. त्याला जो 'दणदणीत बेस' वाटत होता तो सगळा खोलीचा पंचम होता. त्याने तो इक्वलायझरने कापला. मैदानात ना भिंती, ना छत. तिथे पंचम कापलेला, षड्ज हाय-पासमध्ये अडकलेला, आणि हलत होता तो एकटा मध्यम. तोही दर दोन सेकंदांनी चक्कर येऊन.

स्पेक्ट्रम ॲनालायझर लावूनही त्याला हे दिसलं नव्हतं. कारण ॲनालायझरचा ब्लॉक (एका वेळी तपासायचे सॅम्पल) ४०९६ होता. ४४१०० च्या सॅम्पल रेटला त्याने पडद्यावर जेमतेम अकरा-अकरा हर्ट्झचे कप्पे पडतात. मध्यम आणि पंचम यांच्यात साडेसहा हर्ट्झसुद्धा पुरते नाहीत. दोघं एकाच कप्प्यात बसलेले, पडद्यावर एकच टेकडी. ब्लॉक ६५५३६ केला तेव्हा सूर सुटे दिसू लागले. मोबदल्यात आकृती सावकाश हलते, पण लांब धरलेल्या सुराला घाई कसली?

इक्वलायझरचा खड्डा काढला, खुर्ची भिंतीपासून चार फूट पुढे घ्यायला सांगितली. भिंतीला दोन इंची फोम लावू का, असं तो विचारत होता. ३८.९ हर्ट्झच्या लाटेची लांबी पावणेनऊ मीटरच्या वर आहे. दोन इंच फोम तिच्यासमोर म्हणजे महापुरासमोर पायपुसणं. उलट तो फक्त वरचा आवाज खाईल आणि खोली आणखी बोदी वाटेल. त्याऐवजी हेडफोनवर सूर तपासायचे आणि खोलीत फक्त लय ऐकायची, असं ठरलं.

दुसऱ्या रविवारी मोबाइलचा प्रश्न आला. शुद्ध साइन मोबाइलच्या स्पीकरवर शून्य. रूढ उपाय म्हणजे सॅच्युरेशन. लाट दोन्ही बाजूंनी सारखी चेपली की तिसरा, पाचवा, सातवा असे विषम हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) उगवतात आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर मनातच भरून काढतो. मित्राने लावलं, बेस मोबाइलवर ऐकू यायला लागला, आणि आण्णा मात्र बेसूर वाटायला लागले. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, टेकच तसा असेल. मग लक्षात आलं. ३८.९ चा तिसरा हार्मोनिक ११६.७, तो पंचम, छान. पाचवा १९४.५, म्हणजे आण्णांच्याच सप्तकातला शुद्ध गंधार. तानपुऱ्यात ज्याला स्वयंभू गंधार म्हणून आपण माना डोलावतो तोच हा. पण हे गाणं कोमल गंधाराचं! आण्णा १८६.७ च्या आसपास लावत होते आणि खालून आमचा सिंथ १९४.५ लावत होता. आठ हर्ट्झची खरखर. आण्णा सुरात होते, बेसूर आम्ही होतो.

म्हणून सॅच्युरेशन काढलं आणि हार्मोनिक हाताने निवडून रचले. व्हायटलचे उरलेले दोन ऑसिलेटर घेतले, दोन्हींत साइन, दोन्हींचं फेज रँडम शून्य. एक एक सप्तक वर, साधारण चौदा डेसिबल खाली. दुसरा दोन सप्तकं वर, बावीस डेसिबल खाली. सगळे षड्जच, त्यामुळे कुणाशी भांडण नाही. वरच्या दोघांना किंचित उबेसाठी इफेक्टमधून नेलं, तळाच्या साइनला डायरेक्ट आउट दिलं, म्हणजे ती कुठल्याही इफेक्टला न शिवता बाहेर पडते. मोबाइलवर बेस सॅच्युरेशनइतका ठळक आला नाही. चालेल. संबळाचा डावा मोबाइलवर पुरेसा बोलतो, आणि मोबाइलसाठी आण्णांना बेसूर करण्याची माझी तयारी नव्हती.

किकचं थोडक्यात सांगतो. तिची शेपूट लांब होती आणि पंचमाच्या अंगावर येत होती, ती आखूड केली. किक पडताना सब दबावा म्हणून त्याने सबवर कॉम्प्रेसर लावला होता, रिलीज पंधरा मिलिसेकंद. लाटेचा एक फेरा पंचवीसच्या वर आणि कॉम्प्रेसर पंधरात सुटतोय, म्हणजे तो प्रत्येक लाटेच्या आतच वरखाली करून तिचा आकार बिघडवत होता. कॉम्प्रेसर काढून व्हॉल्यूमवरच नव्वद मिलिसेकंदांचा उतार काढला.

तिसऱ्या आठवड्यात साऊंडवाल्याने त्याच्या गोडाऊनबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन बाजूंना बिन लावून दिले. आपल्याकडे या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्या नावाच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नसला तरी. दुपारची वेळ, आवाज बेताचा. पंचम आला तो गुबगुबीत, एकसारखा. समेवर पंचमावरून घसरत षड्ज आला आणि पत्र्याचं शटर हललं. साऊंडवाल्याने तंबाखू मळता मळता मान हलवली. "आता आहे बेस," म्हणाला. मागच्या बाजूला षड्ज अजून पातळच होता, ते मी मित्राला स्पष्ट सांगितलं.

मग तो मोबाइलवर रेकॉर्ड करत बिनांच्या समोरून आडवा चालत गेला आणि मधल्या रेषेपासून चारेक मीटरवर थांबला. चेहरा पडलेला.

"दादा, इथे पंचमच नाहीये परत."

डावा आणि उजवा बिन आठ मीटर अंतरावर, आम्ही दहा मीटर समोर. तिथे एका बिनचा आवाज दुसऱ्यापेक्षा सुमारे तीन मीटर जास्त चालून येतो, आणि ५८ हर्ट्झची अर्धी लाट तेवढीच असते. मी त्याला तिथेच उभा ठेवला आणि साऊंडवाल्याला उजवी बाजू बंद करायला सांगितली. पंचम परत आला. साऊंडवाल्याने तंबाखूची पिंक टाकली, दोन्ही बिनांकडे एकदा पाहिलं, आणि पोरांना हाक मारली, "उचला रे, दोन्ही मधी आणा."